कोन्यात एक दिवस, पायी

प्रश्न असा आहे: तुर्कस्तानच्या सहलीत कापाडोक्याहून पामुक्कालेला जाताना बस कोन्याला थांबते. जेवण आणि तेराव्या शतकातले सूफी संतकवी मौलाना रूमी यांची समाधी धरून दीड-दोन तास. त्याऐवजी आम्ही चौघांनी तिथे एक पूर्ण दिवस आणि रात्र काढली तर पायी काय बघून होईल? बरोबर अडुसष्ट वर्षांची आई आहे. ती शाकाहारी आहे, तिचे गुडघे दुखतात आणि तिला तिथे नमस्कार करायचा आहे.

जरूर राहा. गेली सतरा वर्षं मी मराठी मंडळींना तुर्कस्तानात फिरवते आहे, आणि कोन्याला धावत भेट दिल्याची हळहळ मी फार जणांच्या तोंडून ऐकली आहे. पहिल्या वर्षी मीही ती चूक केली. गट चाळीस जणांचा आणि हातात पन्नास मिनिटं. त्यातली वीस बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायच्या रांगेत गेली. बाहेर आल्यावर गटातल्या एका आजींनी विचारलं, "ज्यांची समाधी बघितली ते नक्की कोण होते गं?" मला बसमध्ये चढता चढता दोन वाक्यांत उत्तर द्यावं लागलं. त्या दोन वाक्यांची मला अजून टोचणी आहे.

कोन्याची एक सोय अशी, की जुनं शहर जवळजवळ एका रेषेत आहे. पश्चिमेला अलाउद्दीन टेकडी, पूर्वेला मौलानांचा हिरवा घुमट, आणि दोन्ही जोडणारा साधारण एक किलोमीटरचा सरळ रस्ता. या टेकडीवर सेल्जुक या तुर्क घराण्याचे सुलतान राहत. बाराव्या-तेराव्या शतकात कोन्या ही त्यांची राजधानी होती. तेव्हा शहराला तट होता आणि मौलाना जिथे विसावले आहेत ती जागा तटाबाहेर होती, सुलतानाच्या गुलाबबागेत. म्हणजे टेकडीवरून घुमटाकडे चालत गेलात की राजवाड्यापासून वेशीबाहेरच्या समाधीपर्यंतचं अंतर तुमच्या पायांना कळतं. बसवाले थेट घुमटापाशी उतरवतात, आणि हे अंतरच हातचं जातं. म्हणून माझा आग्रह एवढाच: सुरुवात टेकडीपासून करा आणि घुमट शेवटी ठेवा.

सकाळी दार उघडतानाच कराताय मदरशात हजर राहा. टेकडीच्या उत्तरेला, रस्ता ओलांडला की आलंच. १२५१ सालची ही वास्तू जलालुद्दीन कराताय या सेल्जुक सरदाराने बांधली. तो मूळचा ग्रीक घरातला गुलाम, पुढे सल्तनतीतल्या सर्वांत वजनदार माणसांपैकी एक झाला. त्याची कबर इथेच बाजूच्या खोलीत आहे. आता इथे फरशांचं संग्रहालय आहे, पण आत गेल्यावर कपाटांकडे वळू नका. आधी घुमटाखाली उभं राहून वर बघा. फिरोजी, गडद निळ्या आणि काळ्या तुकड्यांची नक्षी एका ताऱ्यातून दुसरा तारा काढत थेट मधल्या गवाक्षापर्यंत चढत जाते, आणि त्या गवाक्षाच्या बरोबर खाली जमिनीवर पाण्याचा हौद. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा तर कोपरे भरावे लागतात. इथे प्रत्येक कोपऱ्यात पंख्यासारखे पसरलेले पाच त्रिकोण आहेत आणि त्यांवर कूफी या जुन्या अरबी लिपीत पैगंबरांची नावं: मुहम्मद, ईसा, मूसा, दाऊद. सोबत पहिल्या चार खलिफांची. पहिल्या नजरेला ही अक्षरं वाटतच नाहीत, भूमितीची चित्रं वाटतात. आईंना बसायला जागा बघा आणि दहा मिनिटं तिथून हलू नका. मग कपाटं बघा. बेयशेहीर सरोवराकाठच्या कुबादाबाद राजवाड्यातल्या फरशा तिथे आहेत, त्यांवर माणसांचे चेहरे, प्राणी, दोन डोक्यांचा गरुड. इस्लामी कलेत माणसाचं चित्र नसतं अशी समजूत घेऊन आलेली माणसं इथे थबकतात.

या मदरशाची एक गोष्ट कोन्यात सांगतात. उद्घाटनाला मोठमोठे विद्वान जमले होते आणि वाद निघाला, मानाची जागा कुठली? मौलाना म्हणाले, विद्वानांची जागा बैठकीच्या मधोमध, साधकाची कोपऱ्यात, आणि प्रेम करणाऱ्याची त्याच्या जिवलगाशेजारी. असं म्हणून ते उठले आणि जाऊन शम्स या त्यांच्या फिरस्त्या जिवलगाच्या बाजूला बसले. शम्स बसले होते दाराजवळ, जिथे लोकांनी वहाणा काढून ठेवल्या होत्या. सालं ताडून पाहिली तर गोष्ट बसत नाही, कारण १२५१ च्या आधीच शम्स कोन्यातून नाहीसे झाले होते. तरी मी ती सांगते, कारण दिवसभर तुम्ही दारोदार जोडे काढणार आहात आणि दर वेळी ही वहाणांपाशी बसलेली दोन माणसं आठवतील.

जोड्यांचं निघालंच आहे तर सांगून टाकते. आईंना नाडीचे बूट नकोत. पाय सहज सरकतील असे मऊ जोडे आणि जाड मोजे. मशिदींच्या दारात लांब दांड्याचं जोडे चढवायचं साधन टांगलेलं असतं, त्यामुळे वाकावं लागत नाही. मशिदीत मागच्या भिंतीशी बहुधा खुर्च्या किंवा स्टुलं ठेवलेली असतात. वयस्क बाईमाणूस तिथे जाऊन बसली तर कुणी काही म्हणत नाही, उलट जागा करून देतात. मशिदीत शिरताना बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यायची, गुडघे आणि खांदे सगळ्यांनीच झाकायचे. पंजाबी ड्रेस असेल तर वेगळं काहीच करावं लागत नाही. नमाजाच्या वेळा टाळा, आणि शुक्रवारी दुपारी मशीद बघायचा बेत नको.

करातायहून टेकडी डाव्या हाताला ठेवून कडेकडेने गेलात की पश्चिमेला इन्जे मिनारेली मदरसा लागतो. नावाचा अर्थ सडपातळ मिनाराचा मदरसा. तो मिनार आज अर्धाच आहे, वरचा भाग १९०१ साली वीज पडून कोसळला. इथे वेळ द्यायचा तो दाराला. दगडात कोरलेल्या दोन रुंद पट्ट्या चौकटीवरून वर चढतात, दाराच्या माथ्यावर एकमेकींत गाठ मारल्यासारख्या गुंततात आणि पुढे जातात. पट्ट्यांवर कुराणातल्या आयता आहेत. दगडाला कापडासारखी गाठ मारलेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. आतलं दगडी आणि लाकडी कामाचं संग्रहालय चांगलं आहे, पण आई दमल्या असतील तर दार बघून पुढे निघा.

टेकडी फार उंच नाही, वर जायला उताराच्या वाटा आहेत. पायऱ्या टाळून वाटेने चढा. ही टेकडी नैसर्गिक नाही, हजारो वर्षांच्या वस्त्या एकावर एक साचून ती तयार झाली आहे. रोमन काळात या गावाला इकोनियम म्हणत आणि ख्रिस्ती धर्मग्रंथात संत पॉल इथे येऊन उपदेश करून गेल्याची नोंद आहे. वरच्या अलाउद्दीन मशिदीत शिरलात की हा थरांचा इतिहास खांबांच्या रूपात समोर उभा राहतो. जुन्या रोमन आणि बायझंटाइन इमारतींतून काढून आणलेले खांब आहेत हे, एकाचं डोकं दुसऱ्यासारखं नाही. बांधकाम बाराव्या शतकात सुरू झालं आणि पहिल्या अलाउद्दीन कैकुबादच्या काळात, १२२० च्या सुमारास, पुरं झालं. प्रवचनाचा लाकडी मिंबर त्याहून जुना, ११५५ चा, अख्लातच्या कारागिराने केलेला. त्याच्या नक्षीत खिळ्यांऐवजी तुकड्यात तुकडा अडकवलेला आहे. जवळ जाऊन बघा, हात लावू नका. अंगणात सुलतानांच्या कबरी आहेत. मशिदीतून बाहेर आल्यावर टेकडीवरच्या एखाद्या चहाच्या बागेत बसा. दोन तास झालेले असतील आणि गुडघ्यांना विसावा हवा असेल.

इथून पूर्वेकडे तो सरळ रस्ता. उतरताना वाटेत इप्लिकची मशीद लागते, बाहेरून अगदी साधी, विटांची. हिच्याच आसपास मौलानांचा मदरसा होता, तिथे ते शिकवत. याच भागात १२४४ सालच्या नोव्हेंबरात शम्स तब्रिझी नावाचा साठीचा फिरस्ता त्यांना भेटला. तोवर मौलाना हे वडिलांच्या गादीवर बसलेले प्रतिष्ठित शास्त्री होते. त्या भेटीनंतर शिकवणं सुटलं, शिष्य चिडले, शम्स एकदा निघून गेले, परत आले, आणि मग कायमचे नाहीसे झाले. भेटीच्या जागेला 'दोन समुद्रांचा संगम' म्हणतात, रस्त्याकडेला तशी खूण केलेली आहे. चालता चालता दोन मिनिटं थांबा, बस.

मग रस्ता सोडून थोडं डावीकडे आत जा. एका छोट्या बागेत शम्सची मशीद आणि समाधी आहे. शम्स खरोखर इथे पुरले आहेत का, यावर एकमत नाही. इराणमधल्या खोय गावातही त्यांची समाधी दाखवतात. पण कोन्यातल्या जुन्या लोकांचा शिरस्ता आहे, आधी शम्सना भेटायचं, मग मौलानांकडे जायचं. पंढरीला विठोबाच्या आधी पुंडलिकाचं दर्शन घेतात, तसाच हा क्रम समजा. जागा लहान, शांत, बहुधा स्थानिक बायका एका कडेला पुटपुटत बसलेल्या. सगळ्या दिवसात मला हीच जागा सगळ्यांत जवळची वाटते, आणि बसने येणारे इथे फिरकत नाहीत.

दुपारी बाजार. कापू मशिदीच्या भोवती, रस्त्याच्या दक्षिणेला, जुना बेदेस्तेन पसरलेला आहे: जपमाळा, ताग्याने कापड, तांब्याची भांडी, सुकामेवा, आणि 'मेव्हलाना शेकेरी' नावाची पांढरी खडीसाखरेच्या वड्यांसारखी मिठाई. तुर्की ऐकताना आईंना गंमत वाटेल. दुकानाला 'दुक्कान', साखरेला 'शेकेर', पडद्याला 'पेर्दे', मैदानाला 'मेयदान' आणि बागेला 'बाहचे' म्हणतात. फारसी आणि अरबीतून हे शब्द त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. बाजारातच अझीझिये मशीद आहे. १८६७ च्या आगीत जुनी जळाली, सुलतान अब्दुलअझीझच्या काळात नवी उभी राहिली. दिवसभर सेल्जुकांचा जड दगड बघितल्यावर ही अगदी वेगळी दिसते. हिच्या खिडक्या दारापेक्षा मोठ्या आहेत, त्यामुळे आत भर दुपारी उजेडाचा पूर असतो.

जेवणाचं नीट ऐका. कोन्या मांसाहारी गाव आहे. इथली प्रसिद्ध 'एतलीएकमेक' म्हणजे हातभर लांब पातळ रोटीवर खिमा. 'बाम्या चोर्बासी' हे वाळवलेल्या चिमुकल्या भेंड्यांचं आंबट सूप आहे, नाव वाचून शाकाहारी माणसं हमखास मागवतात आणि त्यात मटणाचे तुकडे निघतात. पांढरा भातही पुष्कळदा मटणाच्या पाण्यात शिजवतात. दोन शब्द पाठ करा: 'एतसिझ' म्हणजे मांसाशिवाय, आणि 'एत सुयु' म्हणजे मटणाचं पाणी. दुसरा उच्चारून नकारार्थी मान हलवली की आचाऱ्याला कळतं. आईंसाठी चीजची पिदे, म्हणजे चीज घातलेली रोटी, सांगा, ती समोर भट्टीतून निघते. मसूरडाळीचं सूप विचारून घ्या. दही, सॅलड, ताजी रोटी सगळीकडे मिळते. गोडात 'साच आरासी' घ्या, पातळ पापुद्र्यांची पाकातली गुंडाळी. बाजाराच्या दक्षिण टोकाला 'कादिनलार पाझारी' म्हणजे बायकांचा बाजार आहे, तिथे भाज्या, ऑलिव्ह आणि कोन्याचं हिरव्या बुरशीचं चीज मिळतं. ते चीज चाखायला धीर लागतो, मला आवडतं.

जेवून खोलीवर जा आणि तासभर पाठ टेका. मौलानांकडे दुपारी उशिरा जायचं आहे, सहलीच्या बस निघून गेल्यावर. बंद व्हायची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती सकाळीच विचारून ठेवा आणि निदान दीड तास हातात राहील असं निघा. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

अंगणात आलात की सगळे घुमटाखाली धावतात. तुम्ही आधी मुदपाकखान्यात जा. मौलानांच्या मागे चाललेल्या मेव्हलेवी या दरवेशांच्या पंथात माणूस घडायचा तो स्वयंपाकघरात. पंथात यायचं असेल तर आधी दाराजवळच्या मेंढीच्या कातड्यावर गुडघे मोडून तीन दिवस बसायचं आणि आत चाललेली कामं नुसती बघायची. त्यानंतर ठरायचं. घ्यायचं नसेल तर कुणी तोंडाने नाही म्हणत नसे. त्याचे जोडे दाराबाहेरच्या दिशेला वळवून ठेवत. तो समजून निघून जाई. घेतला तर पुढे १००१ दिवस सेवा: झाडणं, भांडी, बाजार, पाणी, सगळं. सेमा, म्हणजे दरवेशांची गिरक्या घेत केलेली प्रार्थना, तिच्यातली गिरकी शिकायची तीही इथेच. लाकडी फळीत एक गुळगुळीत खिळा, डाव्या पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या फटीत तो धरायचा आणि त्याच्याभोवती फिरायचं. ती फळी आणि तिच्यातला खिळा बघितल्यावर सेमा म्हणजे 'नाच' हा शब्द तोंडातून निघत नाही.

भोवतीच्या खोल्यांत दरवेशांची भांडी, वाद्यं, हस्तलिखितं मांडली आहेत. १९२५ च्या कायद्याने तुर्कस्तानातले सगळे दरवेशी मठ बंद झाले, हाही झाला, आणि नंतर संग्रहालय म्हणून उघडला. म्हणून इथे पहारेकरी आहेत आणि मांडणीची कपाटं आहेत, पण येणाऱ्यांतले निम्मे लोक तळवे उघडून प्रार्थना करत असतात. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत चालतात.

आता समाधी. उंबऱ्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा. हे आईंना सांगावंच लागणार नाही. आत डाव्या-उजव्या बाजूला कबरी, त्यांवर भरजरी आच्छादनं आणि उशाशी पागोटी. पुढे मौलाना आणि त्यांचे वडील बहाउद्दीन वलद. वर तो घुमट, आतून रंगांनी भरलेला. मूळ समाधी मौलाना गेल्यावर लगेच १२७४ मध्ये बांधली. शेजारीच हुसामुद्दीन चेलेबी आहेत. मसनवी या त्यांच्या मोठ्या काव्यग्रंथाची सुमारे पंचवीस हजार द्विपदी मौलाना बोलत गेले आणि हुसामुद्दीन लिहीत गेले. आपल्याकडे ज्ञानेश्वरी बोलली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, ते सांगा आईंना, मग त्या हुसामुद्दीन यांच्या कबरीपाशी जास्त वेळ थांबतील. मौलाना १७ डिसेंबर १२७३ ला गेले आणि परंपरेने ज्ञानदेवांचा जन्म १२७५ चा. मध्ये दोनच वर्षं. मौलानांच्या पुण्यतिथीला इथे 'शेब-इ अरुस' म्हणतात, म्हणजे लग्नाची रात्र. आपल्या दर्ग्यातल्या उरूस या शब्दाचं मूळही तेच, लग्न. मृत्यू हे जिवलगाशी मीलन, म्हणून रडायचं नाही.

एका कोपऱ्यात मोठं काशाचं पात्र आहे, 'निसान तासी'. चौदाव्या शतकात इराणच्या मंगोल इलखानी घराण्यातल्या राजा अबू सईदने दिलेलं. एप्रिलचा पाऊस त्यात धरत, मौलानांच्या पागोट्याचं टोक त्यात बुडवत आणि ते पाणी आजाऱ्यांना देत. अंगणात मुहम्मद इक्बाल यांच्या नावाचाही एक दगड आहे. इक्बाल लाहोरात पुरले आहेत, पण मौलानांना ते गुरू मानत, म्हणून ही मानाची जागा.

दुकानांतून 'ये, ये, तू कुणीही असशील तरी ये' या ओळी फलकांवर, कपांवर दिसतील. विकत घ्यायच्या तर घ्या, पण त्या मौलानांच्या नाहीत असं बहुतेक अभ्यासक मानतात, त्यांच्या जुन्या हस्तलिखितांत त्या सापडत नाहीत. आधीच्या काळातले सूफी अबू सईद अबुल खैर यांच्या नावावर त्या सांगितल्या जातात.

मुक्काम शनिवारी येईल असा बघा. मेव्हलाना सांस्कृतिक केंद्रात शनिवारी रात्री सेमा असतो, हॉटेलवाल्याला सकाळीच वेळ आणि जागा विचारायला सांगा. केंद्र समाधीच्या पूर्वेला आहे, आईंना टॅक्सी करा. दरवेशांची उंच टोपी म्हणजे कबरीवरचा दगड, पांढरा घोळदार झगा म्हणजे कफन, आणि सुरुवातीला अंगावर असलेला काळा डगला म्हणजे कबर. तो डगला उतरवून ते फिरायला लागतात. उजवा तळवा वर, डावा खाली. शेवटी टाळ्या वाजवू नका. ही प्रार्थना आहे, आणि शेजारची माणसं बहुधा डोळे मिटून बसलेली असतात.

पामुक्कालेला गाठायचं तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोन्याहून देनिझलीची बस पकडा, पामुक्काले तिथून जवळ आहे. सहलीवाल्यांशी मात्र गट कुठे परत धरणार ते आधी लेखी ठरवून घ्या. मे महिना असला तरी कोन्या हजार मीटर उंचीवर आहे, संध्याकाळी गार वारा सुटतो. आईंना शाल असू द्या.

आणि नमस्काराचं. फुलं, अगरबत्ती, नारळ काही नेऊ नका, तिथे वाहायची पद्धत नाही. गुडघे टेकून डोकं ठेवायला गेलं तर पहारेकरी अडवतात, गर्दी खोळंबते. तिथली माणसं छातीवर उजवा हात ठेवून मान झुकवतात. आईंनी कठड्याच्या अलीकडे उभं राहून हात जोडावेत. मी कितीतरी मराठी बायकांना तिथे हात जोडताना बघितलंय, कुणी कधी अडवलं नाही. एकदा शेजारच्या तुर्की आजीने एका पाहुणीचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. आम्हाला एक शब्द कळला, 'दुआ'.